तेल पिणारा फिरोजा

माय, काल माझ्या दुकानात तुमच्या लोणच्याच्या संस्थेच्या अध्यक्षीणबाईंची धाकटी सून आली होती. तू तिला ओळखणार नाहीस, तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी ती त्या घरात आली. पण तिनं पर्समधून कापसात गुंडाळलेली अंगठी काढून माझ्यापुढं ठेवली, आणि अंगठी मी लगेच ओळखली. सोन्याची, वर बोराएवढा निळा फिरोजा. सासूबाईंची आठवण म्हणून तिला ती वापरायची आहे, बोटात सैल होते, तेवढी बारीक करून द्या म्हणाली. मी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि हत्यार आणायच्या निमित्तानं आत जाऊन नुसती उभी राहिले. घरी आल्यावर हे कुणाला सांगावं ते कळेना. दादाही आता नाहीत. म्हणून तुलाच लिहायला बसलेय.

तुझी अंगठी चांदीची. आजा हैदराबादेत कामाला होता तेव्हा त्यानं घेतलेली आणि तुझ्या लग्नात तुझ्या बोटात घातलेली. दादांना बायकोच्या बोटातली ती अंगठी मुळीच आवडायची नाही. त्यांचं म्हणणं, आपण धर्म बदलला तेव्हा ग्रह, खडे, गंडेदोरे सगळं गावाबाहेर टाकून आलो, आता पुन्हा बोटात खडा कावून? तू भाकरी थापता थापता त्यांना म्हणालेली, "नशिबासाठी न्हाई घातला. निळा हाय म्हणून घातला." दादांनी चहा मागितला. हरले की ते चहाच मागायचे. पुढं जयंतीच्या मिरवणुकीला निघताना तेच दारातून विचारायचे, "अंगठी घातली का?" एरवी ती पत्र्याच्या डबीत असायची. रोज बोटात आली ती दुष्काळाच्या वर्षी, तू संस्थेत कामाला जायला लागलीस तेव्हा. बाहेर चार बायांत जायचं तर हातात काहीतरी असावं, असं तू मला सांगितलंस आणि मग उगाच पदरानं खडा पुसलास.

त्या वर्षी शिवारात कुणालाच काम नव्हतं. विहिरींचे तळ दिसत होते, टँकर आला की भांडणं व्हायची. म्हणून गावातल्या बायांची सहकारी संस्था निघाली, लोणची-पापडांची. माळावरच्या झाडांना मात्र कैऱ्या लगडल्या होत्या, त्यांना कुणी दुष्काळ सांगितला नसावा. सभासदांत सगळ्या आळ्यांच्या बाया होत्या, आपल्या आळीतून तू एकटी. शाळेला सुट्टी होती, त्यामुळं मी तुझ्याबरोबर तिथंच कैऱ्यांच्या कोया वेचत बसायचे. तुला मसाला कालवायला ठेवलं, कारण मिठाचा अंदाज तुझ्याइतका कुणाचाच नव्हता. परातीत कोपरापर्यंत हात घालून तू मोहरीची डाळ, तिखट, हळद आणि तेल एक करायचीस. अंगठी बोटातच. मला अजून ते दिसतं, सगळी परात लालभडक आणि त्यात मधूनच चमकणारा तो निळा ठिपका. त्या दिवसांत तू चालायचीससुद्धा जरा वेगळी. संस्थेतून घरी येताना गावाच्या मधल्या रस्त्यानं यायचीस, आपल्या नेहमीच्या कडेच्या वाटेनं नाही.

मग खडा हिरवा पडायला लागला. आधी कडेनं, मग सगळाच, वाळलेल्या शेवाळासारखा. आणि त्याच सुमारास बरण्यांना बुरशी धरली. सिरसाळ्याच्या बाजारात पाठवलेला माल परत आला. सगळ्या बाया खोलीत गोळा झाल्या, मी दाराशी कोयांच्या टोपलीपाशी होते. अध्यक्षीणबाई तशा वाईट बोलणाऱ्या नव्हत्या, मला येता-जाता गूळ द्यायच्या. पण त्या दिवशी त्यांनी तुझा हात धरला, आपला हात शेजारी ठेवला आणि सगळ्यांना दोन्ही अंगठ्या दाखवल्या.

"माजी बगा, हाय तशी निळी हाय. हिची कावून हिरवी पडली? एकेकीच्या हाताला लोणचं धरत न्हाई गं. जिथं दगड टिकना, तिथं लोणचं काय टिकंल?"

लोणच्याला एखादीचा हात लागतो आणि ते नासतं, हे तर सगळ्यांच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. तुझ्या बाबतीत त्या हाताला आणखी एक अर्थ होता, तो कुणी उच्चारला नाही, उच्चारायची गरजही नव्हती. तू म्हणालीस, "खडा हिरवा पडला बाई, पर लोणचं म्या न्हाई नासवलं." आवाज अगदी बारीक होता. दुसऱ्या दिवसापासून तू मागच्या अंगणात बरण्या धुवायला. अंगठी डबीत गेली.

आणि माय, खरी गंमत, गंमत कसली, पुढं झाली. बुरशी थांबली. एकही बरणी परत येईना. म्हणजे झालंच, सगळ्यांना पुरावा मिळाला. तुलासुद्धा मिळाला. एका रात्री मला जवळ घेऊन तू म्हणालीस, "माज्याच हातात काय तर असंल गं." मला त्याचं इतकं वाईट वाटलं होतं, आणि उत्तर देण्याएवढी अक्कल नव्हती. तू आयुष्यभर घरचं लोणचंही शेजारच्या मावशीकडून कालवून घेतलंस. आम्ही म्हणायचो, माय आळशी झाली. तू हसायचीस.

तू गेल्यावर मी शहरात खडे जडवायचं काम शिकायला गेले. तिथं पहिल्यांदा कुणीतरी मला सांगितलं, की नैसर्गिक फिरोजा सच्छिद्र असतो. तो घाम पितो, साबण पितो, तेल तर फारच पितो, आणि पीत पीत हिरवा होतो. आणि बाजारात मिळतात त्यातले बरेचसे खडे प्रक्रिया केलेले असतात. ठिसूळ फिरोजात राळ भरतात, रंग पक्का करतात, मग त्यात काही शिरत नाही. तो बारा महिने निळाच. मी तिथं वर्गात बसून रडले. शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, घरची आठवण आली असेल. आलीच होती.

म्हणजे तुझी अंगठी खरी होती म्हणून हिरवी झाली, एवढं मला तेव्हापासून ठाऊक आहे. पण बुरशीचं कोडं सुटत नव्हतं. तुझा हात काढला आणि बुरशी थांबली, हे तर मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी स्वतःला सांगायचे, योगायोग असेल. तुझ्यासाठी मला योगायोगापेक्षा जरा बरं काहीतरी हवं होतं.

तर काल. तिची अंगठी बारीक करायची म्हणजे आच लागणार, आणि खडा प्रक्रियेचा असेल तर आचेनं बिघडतो. म्हणून आधी तपासावं लागतं. तिला विचारून मी खड्याच्या पाठीला तापलेल्या सुईचं टोक लावलं. जळक्या प्लास्टिकचा वास आला. मी म्हणाले, "खडा उतरवून काम करावं लागेल. राळ भरलेला आहे हा."

"म्हंजी खोटा?"

"दगड खरा आहे, पण आतून बंद केलेला. बाहेरचं काही घेत नाही."

"मग बरंच हाय की. खराब तर होत न्हाई."

"नाही, खराब होत नाही," मी म्हणाले. तिच्यावर राग काढण्यासारखं काहीच नव्हतं, बिचारी सासूच्या आठवणीनं आली होती. अंगठी ठेवून ती उठली, आणि दाराशी थांबून म्हणाली, "तुमी आमच्या गावच्याच ना? सासूबाई तुमच्या आईचं नाव लई काढायच्या. शेवटी शेवटी तर रोजच. ती बरण्या धुयाला हुती तवर संस्थेची एक बरणी नासली न्हाई म्हणायच्या. टँकरचं घोटभर पाणी, पर बरणी लखलखीत धुयाची, दिवसभर उन्हात पालथी घालायची, आत हात फिरवून कोरडी हाय का बघायची, मगच भरू द्यायची. पुढं ती संस्था सोडून गेली आन् परत बुरशी लागली."

माय, बरण्या ओल्या होत्या गं. आधीच्या बाया पाण्याच्या टंचाईत कशाबशा विसळून लगेच भरायच्या. बुरशी थांबली ती तुझा हात काढल्यानं थांबली नाही, तुझा हात बरणीत गेल्यानं थांबली. अध्यक्षीणबाईंना हे कळलं होतं. तुला सांगायला त्या आल्या नाहीत, सुनेला मात्र सांगत राहिल्या. त्याबद्दल त्यांना काय म्हणावं, मला अजून ठरवता येत नाही. गूळ द्यायच्या, तेही आठवतं.

हा कागद कुठं धाडायचा नाही. तुझ्या हातात काहीच नव्हतं, एवढं एकच वाक्य लिहायचं होतं, त्याला एवढे कागद लागले. एक गोष्ट मात्र तुझ्यापाशी कबूल करते. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला मी बजावते, फिरोजा घालून पीठ मळू नका, तेलात हात घालू नका. मी स्वतः ऐकत नाही. आज सकाळी लोणचं घातलं, कोपरापर्यंत हात घालून, तुझी अंगठी घालूनच. खडा आणखी हिरवा झालाय. आता त्यात तुझं तेल किती आणि माझं किती, हे खड्यांवर पोट भरणाऱ्या मला सांगता येत नाही.