काकांच्या प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही

ती. काकांस,

लांबूनच पाया पडतो. (जवळ असतो तर तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत दोन पावलं मागे सरकला असतात आणि मी अर्धा वाकलेला तसाच राहिलो असतो. परदेशाने तेवढी एक सोय केली.) तुमचा उजवा गुडघा काय म्हणतो? काकीने चष्म्याला काडी लावून घेतली की अजून दोऱ्यावरच चाललंय? आणि दुकानातलं लॅमिनेशनचं मशीन कसं आहे? हिरवा दिवा लागायला अजून तेवढाच वेळ घेतं का? खरं म्हणजे त्याचीच चौकशी आधी करायला हवी होती, कारण आजचं पत्र त्याच्याच पराक्रमाबद्दल आहे.

मी मजेत. बेकरी सोडल्याचं मागे कळवलं होतं. त्यानंतर फर्निचर उचलायचं काम धरलं, तेही सुटलं (मी सोडलं की त्यांनी, यावर दोन मतं आहेत), आणि आता बरेच दिवस एका लॉन्ड्रीत टिकलोय. लॉन्ड्री म्हटल्यावर आपल्या कोपऱ्यावरची कोळशाची इस्त्री डोळ्यांसमोर आणू नका. इथे हॉटेलांच्या चादरी ट्रक भरून येतात. धुऊन पिळलेली ओली चादर दोघांनी दोन कोपरे धरून ताणायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडाशी द्यायची. ती आत ओढली जाते आणि पलीकडून कोऱ्या कागदासारखी कडक होऊन बाहेर पडते. दुसरा कोपरा धरायला माझ्यासमोर एक वयस्क गृहस्थ असतात. दिवसभर एकच चाल शिट्टीवर वाजवतात, म्हणून मी त्यांना शिट्टीकाका म्हणतो. (रागावू नका, ते नुसते हाकेपुरते काका.) पहिल्याच दिवशी चादर वाकडी जायला लागली तेव्हा मी चटकन दोन्ही तळव्यांनी तिला मधोमध थोपटलं, तुम्ही मशीनमध्ये पाऊच सोडताना थोपटता ना, अगदी तसं. हात चांगलाच भाजला. शिट्टीकाकांनी शिट्टी थांबवून विचारलं, "हे कुठे शिकलास?" मी म्हटलं, "घरी." तर म्हणाले, "मग घरच्यांना कळव, इथे भाजतं."

तर मुद्दा असा. (तुम्ही इथवर दोनदा "मुद्द्यावर ये" म्हणाला असाल. आलोच.) इथे राहायचा परवाना मी आजवर वर्षावर्षाने वाढवत आलो. दर वर्षी झेरॉक्सचा गठ्ठा, मालकाची चिठ्ठी आणि दोन फोटो न्यायचे. फोटोत हसायचं नाही, कान दिसले पाहिजेत, त्यामुळे मी पोलिसांना हवा असल्यासारखा दिसतो. मग जमिनीला बोल्ट मारून बसवलेल्या खुर्च्यांवर सकाळभर बसायचं. (खुर्च्या कुणी उचलून नेऊ नयेत म्हणून बोल्ट असतील. मला मात्र वाटतं, माणसं हताश होऊन फेकतील म्हणून असावेत.) समोर कुंडीत एक प्लॅस्टिकचं झाड आहे. एकदा एक बाई त्याला बाटलीतलं पाणी घालत होती. इतका वेळ बसल्यावर माणसाला कुणाचं तरी बरं व्हावं असं वाटतंच. शेवटी आपला आकडा लागतो, खिडकीतल्या बाई शिक्का मारतात, आणि आणखी एक वर्ष मिळतं.

यंदा मात्र शिट्टीकाकांनी डोक्यात भरवलं की तुला आता इतकी वर्षं झालीत तर लांबचा, म्हणजे बऱ्याच वर्षांचा, परवाना माग. एकदा तो मिळाला की खिडकी नाही, खुर्ची नाही, कान दाखवणं नाही. मलाही पटलं. म्हटलं, एवढी नाती-गोती सोडून आलो, निदान खिडकी तरी सुटू दे. फक्त त्यासाठी झेरॉक्स चालत नाही. मूळ जन्मदाखला लागतो, आणि त्याच्या पाठीवर ते लोक गोल शिक्का मारतात. मी छाती पुढे काढून बॅगेतून दाखला काढला. काका, खरं सांगतो, त्या अख्ख्या हॉलमध्ये माझ्यासारखा दाखला कुणाकडे नव्हता. लोकांचे दाखले घडीवर फाटलेले, चहा सांडलेले, एकाचा तर कुत्र्याने चाखलेला. माझा मात्र कालच जन्मल्यासारखा.

बाईंनी शिक्का उचलला, मारला आणि कागद वर उचलला तर शिक्क्याची शाई ओघळून कडेला गेली. पुन्हा मारला. पुन्हा तेच. त्यांनी बोट फिरवलं, तर माझ्या जन्माच्या पाठीवर निळं डबकं. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे कशात घातलंय?"

मी म्हटलं, "लॅमिनेशन. संरक्षणासाठी."

"कशापासून?"

आता काय सांगणार? म्हटलं, "पाण्यापासून, उंदरांपासून, पाहुण्यांपासून."

"आणि आमच्यापासून," बाई म्हणाल्या. "कुणी केलं?"

"माझ्या काकांनी."

"त्यांना सांगा, काम फार चांगलंय," असं म्हणून त्यांनी दाखला परत सरकवला. (हे मी तुम्हाला आवर्जून कळवतोय, कारण सरकारी माणसाकडून कौतुक तुमच्या वाट्याला कधी आलेलं नाही.)

घरी जाताना वाटेभर मला दुकान दिसत होतं. शटर अर्धं वर, मशीनचा तो गरम प्लॅस्टिकचा वास, आणि तुम्ही बनियनवर, कात्रीने पाऊचचे कोपरे गोल करताय. काही म्हणून लॅमिनेट करायचं सोडलं नाहीत तुम्ही. कुकरच्या गॅरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का पडायच्या आतच ते कार्ड अमर करून टाकलंत आणि काकीला शिट्टी न होणाऱ्या कुकरसोबत संसार करायला लावलात. बसच्या पासावर सही राहिली होती, तो पास मी वर्षभर कंडक्टरला लांबूनच दाखवत होतो. आणि नववीची माझी नापासाची गुणपत्रिका! मी रडकुंडीला येऊन म्हटलं होतं, "काका, ही कशाला?" तुम्ही ती मशीनमध्ये सोडत म्हणालात, "पास काय नि नापास काय, ओरिजिनल ते ओरिजिनल." दुसऱ्या कुणी त्या दिवशी मला इतकं जपून हातात धरलं नव्हतं. तो वास इथे कुठेच येत नाही. रोलरला साबणाचा येतो. चांगला असतो, पण आपला नाही.

असो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शिट्टीकाका म्हणाले, "आलंय त्याच वाटेने परत पाठवू. उष्णतेने चिकटलंय, उष्णतेनेच सुटेल." आम्ही दाखला दोन टॉवेलांच्या मध्ये ठेवून इस्त्रीच्या वाफेखाली धरला. प्लॅस्टिक मऊ झालं. एक कोपरा सुटला. शिट्टीकाकांनी विजयाची शिट्टी वाजवली, मी हळूच ओढायला लागलो, आणि काका, अर्धा दाखला कागदावर राहिला आणि अर्धा प्लॅस्टिकबरोबर निघून आला. नाव कागदावर, जन्मतारीख प्लॅस्टिकवर. आई-बाबा तर दोन्हीकडे थोडे थोडे. मी तिथेच चादरींच्या ढिगावर बसलो. शिट्टीकाका बराच वेळ दोन्ही तुकडे उजेडात धरून बघत होते. मग म्हणाले, "एक मात्र खरं, तुझ्या काकांना कुणी सोडवू शकत नाही."

ते दोन्ही तुकडे घेऊन मी पुन्हा खिडकीवर. बाईंनी एका हातात कागद धरला, दुसऱ्या हातात प्लॅस्टिक, आणि अगदी शांतपणे विचारलं, "यातले तुम्ही कोणते?" मागच्या रांगेतला एक माणूस हसला. मीही हसलो. (फोटोत बंदी आहे, खिडकीवर नाही.) बाई वाईट नाहीत. त्यांनी सांगितलं, तिकडून नवा दाखला मागवा, कोरा, कागदाचा. या महिन्याच्या अखेरीला माझ्या जुन्या परवान्याची मुदत संपते. तोवर नवा दाखला इथे पोचला तर लांबचा परवाना मिळालाच म्हणून समजा. नाही पोचला तर देश सोडायचा आणि तिकडून पहिल्यापासून अर्ज करायचा.

जाता जाता त्यांनी माझा अर्ज चाळला आणि एका रकान्यावर पेन्सिल आपटली. कायमचा पत्ता. तिथे मी दर वर्षी आपल्या घराचा पत्ता लिहितो, तसाच लिहिला होता, मागचं दार, खूण चक्कीची, सगळं. बाई म्हणाल्या, लांबच्या परवान्यात हे चालत नाही, आता कायमचा पत्ता इथला लिहायचा. इथला म्हणजे माझी खोली. टायरच्या दुकानावरची. पलंग उघडला की दार उघडत नाही, आणि दार उघडलं की शेजाऱ्याचं खोली गरम करायचं रेडिएटर खोकतं. खोली वाईट नाही, पण तिला कायमची म्हणायचं म्हणजे... पेन सरकेना. मी म्हटलं, "दाखला आला की लिहितो." बाई म्हणाल्या, "बरं." आजवर मी दर वर्षी स्वतःला सांगायचो की यंदाचं एवढं वर्ष, मग बघू. तुम्हालाही तेच सांगायचो. लांबचा परवाना आला की ते "मग बघू" म्हणायची सोयच संपली.

तर काका, एवढं काम करा. नगरपालिकेत जाऊन माझा नवा जन्मदाखला काढा आणि तो मिळाल्या मिळाल्या, हात जोडतो, मशीनपासून लांब ठेवा. पिशवीत घालून थेट पोस्टात. माझं इथलं सगळं बस्तान त्या एका कागदावर अडलंय. काकीला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा. शटर एकट्याने ओढू नका.

तुमचाच,
धाकटा पुतण्या

ता. क. नगरपालिकेतल्या त्या खिडकीवर उगाच आवाज चढवू नका. "साहेब पाहणीला गेलेत" म्हणाले तर वाट बघा. "उद्या या" म्हणाले तर उद्या जा. उद्या पाहुणे येणार असले तर परवा जा.

ता. क. २. काकी हे पत्र वाचून विचारेल की एवढं तातडीचं होतं तर मुलाने फोन का केला नाही, दोन मिनिटांत सांगता आलं असतं. तिला म्हणा, त्याला सविस्तर लिहायचं होतं. ती तरीही तुमच्याकडे बघत राहील. तेव्हा म्हणा की पत्र साध्या पोस्टाने टाकलंय, आणि तेही शिट्टीकाकांनी "आज टाक" म्हटल्यावर पाच-सहा दिवसांनी.

ता. क. ३. निघताना मी दारात सगळ्या गल्लीदेखत म्हणालो होतो की नीट जम बसल्याशिवाय तोंड दाखवणार नाही. जम बसायला आलाय, हीच तर अडचण आहे. उगाच परत आलो तर लोक म्हणतील, हा कुठेच टिकत नाही. पण दाखलाच वेळेत पोचला नाही आणि सरकारनेच पाठवलं, तर कोण काय बोलणार? तेव्हा उन्हात धावपळ करू नका. गुडघा सांभाळून, सावकाश. महिनाअखेर उलटून गेली तरी मी काही मनाला लावून घेणार नाही. आणि काकीला म्हणावं, माळ्यावरची एक गादी काढून गच्चीवर उन्हात टाक. कुणासाठी म्हणाली तर सांगा, अशीच.