एका सवारीची जागा

बाबा, मी हेलिकॉप्टर शिकत होते तेव्हा तुमचा फार राग आला. माणूस जाऊन इतकी वर्षं झाल्यावर त्याच्यावर काय चिडायचं, पण चिडले.

रिसोड-वाशिम रस्त्यावर तुमची जीप चालायची. बाजाराच्या दिवशी पुढच्या सीटवर चौघं, आणि चालवणारे तुम्ही दाराला चिकटून, अर्धं अंग बाहेर. मला गाडी शिकवलीत तीही तशीच. शेजारी खेटून बसायचात, आणि मी जरा ऐसपैस झाले की, "अशी मधात काहून बसली? कलेक्टर हायेस काय? सरक तिकडं, एक सवारी बसते अजून." गाडी रिकामी असली तरी सरकायचं. सवय पाहिजे, म्हणायचात.

लागली सवय. हेलिकॉप्टर जमिनीपासून थोडं वर, जागच्या जागी धरून ठेवायचं असतं, आणि तेच मला जमेना. तिथंही चालवणारा उजवीकडेच बसतो. दर वेळी ते उजवीकडे सरकत जातंय, शिकवणारे सर डाव्या सीटवरून ओरडतायत, मी घामाघूम. सोबतचे सगळे एकटे उडून आले. शेवटी सर म्हणाले, आज जमलं नाही तर घरी जायचा विचार कर. आणि मग माझ्याकडे बघतच राहिले. "तू दाराला चिकटून का बसतेस?" मला रडूच आलं. काय सांगू त्यांना, एक सवारी बसते म्हणून?

मधोमध बसले, कलेक्टरसारखी. पाठ सरळ झाली, हात मोकळा झाला आणि समोरची झाडं जागेवर थांबली. तुमची सवय मोडली म्हणून शिक्षण वाचलं. त्याचा आनंद झाला आणि वाईटही वाटलं.

पुढच्याच आठवड्यात सर उतरले, दार लावलं आणि मला एकटीला सोडलं. मी एक चक्कर मारून नीट उतरले. वरची पाती थांबायची वाट बघत बसले होते, शेजारची सीट रिकामी. सर आले, म्हणाले, "झकास उडवलंस. पण आता पुन्हा वाकडी का बसलीस?" बेल्ट टोचतोय म्हणून सांगितलं.

हे पत्र टाकायचं तरी कुठं, तेव्हा बॅगेतच राहील. पण तुम्हाला सांगते, बेल्ट टोचत नव्हता. एका सवारीपुरती सरकले होते.