जावयाची अदलाबदल

अबू हलीफा, कुवेत
९ नोव्हेंबर २०२४

ती. सरूताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ऐकू आलं की तू रागावतेस, म्हणून लिहितो आहे. कागदाचा फोटो पाठवतोय, मोठा करून वाच.

इतकी वर्षं मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत मी काय करतो, हे कुणी विचारलं नाही. पण आमच्या हौशी बेसबॉल संघाचा मॅनेजर झाल्यापासून कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दूध घ्यायला गेलो तरी दुकानदार विचारतो, साहेब, यंदा कोणाला देताय? आमच्या लीगमध्ये हंगामाच्या मध्यावर दोन संघांना एकेक खेळाडू बदलून घेता येतो. त्यावरून इथे सध्या असे तर्क चालतात, की तेलाच्या भावावरसुद्धा एवढे चालत नसतील.

माझी अडचण अशी, की संघात सर्वांत जास्त धावा आपल्या जुईलीच्या नवऱ्याच्या आहेत. अभिजीतराव मारतात, चेंडू बॅटच्या कडेला लागतो आणि नेमका दोघांच्या मधे जाऊन पडतो. एकदा समोरचा क्षेत्ररक्षक बायकोचा फोन घेत होता. एकदा धुळीचं वादळ आलं. मी सगळं एक्सेलमध्ये मांडलं आहे. हे कसब नव्हे, निव्वळ नशीब आहे. उलट शहरातल्या शर्क भागाच्या संघातला अशरफ तोफेसारखा मारतो, पण बिचाऱ्याचा प्रत्येक फटका कुणाच्या तरी हातात जातो. त्याचा मॅनेजर वैतागलाय. म्हणजे जावयाला भाव आहे तोवर द्यावा आणि अशरफला पडत्या भावात घ्यावा.

तू विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल खेळलेली, शाळेत मुलींना शिकवलेलं. व्हिडिओ पाठवतो, बघून कळव. माझ्या घरी प्रणिताला आणि तिच्या घरी जुईलीला यातलं काही माहीत नाही. तसंच राहू दे.

मोठ्या बहिणीची माया आहेच, या खेपेला थोडं मतही असावं.
तुझा,
राजन

---

जळगाव
२१ नोव्हेंबर २०२४

चि. राजन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी पाणी प्यायले. मग व्हिडिओ पाहिले, खरं तर ऐकले. चित्र फसवतं, आवाज फसवत नाही. अशरफच्या बॅटचा आवाज खणखणीत आहे. अभिजीतच्या बॅटचा आवाज ओली चादर झटकल्यासारखा येतो. माझ्या शाळेच्या संघात असता, तर मी त्याला पाण्याच्या बाटल्यांपाशी बसवलं असतं.

हे झालं खेळाडू म्हणून. बहीण म्हणून सांगते, असलं काही करू नकोस. लग्नाला वर्ष झालं नाही आणि तू जावई बदलून घ्यायला निघालास! यातला कुठला सल्ला घ्यायचा ते तुझं तू ठरव, म्हणजे उद्या कुणी मला बोल लावायला नको.

गुडघ्याला तेल लावतोस ना? प्रणिताला आशीर्वाद.
तुझी,
सरूताई

---

मंगफ, कुवेत
५ जानेवारी २०२५

ती. सरूआत्या,
नमस्कार, पण रागावून.

बाबांनी अभिजीतला शर्कच्या संघाला देऊन टाकलं. मला हे संघाच्या ग्रुपवर कळलं. त्यांनी अभिजीतला जेवायला बोलावून, श्रीखंड वाढता वाढता सांगितलं, की व्यवहारात भावना आणायच्या नसतात. अभिजीत हो बाबा म्हणाला आणि आणखी श्रीखंड घेतलं. त्याला वाटलं, बाबा फ्लॅटच्या भाड्याबद्दल बोलतायत.

आई हॉस्पिटलातून ड्यूटी करून आली, तिने ऐकलं आणि बाबांना विचारलं, की मुलीसाठी हाच मुलगा तुम्ही चहा संपायच्या आत पसंत केलात, मग बेसबॉलसाठी एवढं एक्सेल कशाला? बाबा म्हणाले, तिथे बदलून मिळत नव्हता.

यावर मी हसले असते, आत्या. पण घरी आल्यावर अभिजीत बराच वेळ जुन्या संघाची टोपी हातात घेऊन बसला होता. लॅबमधला एवढा शांत माणूस! मला म्हणाला, मी खरंच नुसता नशीबवान आहे का? नशिबाचं ते एक्सेल बाबांनी ग्रुपवर टाकलंय, ओल्या चादरीचं कुणी म्हटलं तेही टाकलंय, तुझ्या नावासकट.

तरीही तुझीच,
जुईली

---

अबू हलीफा
२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अशरफ उत्तम मारतो. फक्त सगळे फटके झेलले जातात. शर्ककडून अभिजीतराव मारतात आणि एकही झेलला जात नाही. काळजी नसावी, सरासरीचा नियम आहे, उशिरा का होईना लागू होतोच. आमचे बाकीचे गडी चांगले खेळले म्हणून अंतिम सामन्यात पोचलो. समोर शर्कच आहे. प्रणिता आणि जुईली हल्ली पलीकडच्या बाजूला खुर्च्या टाकून बसतात. डबा मात्र मिळतो, तो ड्रायव्हरच्या हाती.

तू ओल्या चादरीचं म्हणालीच नव्हतीस, असं जुईलीला कळवलंस म्हणे. तुझ्या पत्राचा फोटो माझ्याकडे आहे, ताई.

जमेल तेवढा लोभ ठेव.
राजन

---

मंगफ
२३ फेब्रुवारी २०२५

ती. सरूआत्या,
शि. सा. न. वि. वि.

राग गेला, म्हणून पूर्ण नमस्कार.

परवा अंतिम सामना झाला. शेवटी बाबांच्या संघाला जिंकायला एकच मोठा फटका हवा होता आणि अशरफ खेळायला आला. त्याने असा मारला, की आवाज ऐकून बाबा खुर्चीवरून उठून नाचायलाच लागले. चेंडू सरळ अभिजीतच्या तोंडावर आला. त्याने ग्लव्ह वर केला, चेंडू आत, अंगठा उलटा आणि कप शर्कला!

सगळ्यांच्या आधी मैदानात धावले ते बाबा. गुडघा विसरून. अभिजीतचा हात धरून त्यांनीच त्याला हॉस्पिटलला न्यायला गाडीत बसवलं. वाटेत बाबांचा चेहरा इतका उतरला होता, की मला अंगठ्यापेक्षा त्यांचीच काळजी वाटली. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, चेंडू दिसला होता का? अभिजीत म्हणाला, नाही बाबा, मी घाबरून डोळे मिटले आणि हात वर केला.

आत्या, काय सांगू! बाबांचा चेहरा असा उजळला, की कप त्यांनाच मिळाला असं वाटावं. एक्स-रे काढणाऱ्याला सांगितलं, ड्यूटीवरच्या आईला सांगितलं, अशरफला फोन करून समजावलं, की बाबा रे, तुझं काही चुकलं नाही. मग सगळ्यांना शवर्मा दिला आणि अभिजीतला स्वतःच्या हाताने भरवला. म्हणाले, असा नशीबवान जावई मिळायलाही नशीब लागतं.

घरी आल्यावर मी अभिजीतला म्हटलं, डोळे मिटायला नको होतेस, नाक गेलं असतं. तेव्हा तो म्हणाला, की डोळे उघडेच होते. अशरफचा खांदा कसा वळला की चेंडू कुठे येतो, हे तो पूर्ण हंगाम बघत होता आणि फटका बसायच्या आधीच तिकडे सरकला होता. चेंडूवरची शिवणसुद्धा दिसली म्हणे.

मी विचारलं, मग बाबांना खरं का नाही सांगितलंस? तो म्हणाला, कप आपल्याकडे आला. त्यांच्याकडेही काहीतरी जायला हवं होतं ना.

बाबांना हे कधीही कळू देऊ नकोस. लोभ आहेच, या वेळी गुपितही तुझ्यापाशीच असावं.

तुझी,
जुईली