गंधकाचा दुसरा ऑक्सिजन

सर, काल आमच्या औषधांच्या कारखान्यात एका नव्या मुलीने फळ्यावर पायांची सूज उतरवणाऱ्या गोळीची रासायनिक रचना काढली आणि गंधकाला एकच ऑक्सिजन जोडला. माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "दुसरा रजेवर आहे का?" ती बिचारी गोंधळली. मला मात्र तुमची कर्वेनगरची खोली आठवली.

"ज्याची रचना काढता येत नाही, ते गिळू नये," हा नियम तुम्ही वर्गात आम्हाला लावलात तोवर ठीक होतं. निवृत्तीनंतर तो स्वतःच्या औषधांनाही लावलात. हात थरथरायचा म्हणून तुम्हाला काढता येईना, आणि डॉक्टर काढून देईनात. पाय सुजून खांब झाले तरी गोळी आपली बशीत. शेवटी काकूंनी मला हडपसरहून बोलावून घेतलं. "अहो, तुमची विद्यार्थिनी आलीय. आता तरी घ्या!" मी कागदावर रचना काढते, गंधकाला एकच ऑक्सिजन. तुम्ही ताडकन उठून बसता. "दुसरा रजेवर आहे का? अगं, या दोघांच्या जोरावर तर ही गोळी मूत्रपिंडात पाय रोवते. एक काढलास की उरली नुसती पांढरी पूड!" आणि बोलता बोलता, रागाच्या भरात, गोळी गिळून टाकता. काकू माझ्याकडे बघतच राहतात.

पुढच्या नव्या औषधाची रचना मी अगदी अचूक काढली. तुम्ही "बरं" म्हणालात आणि कूस बदललीत. गोळी बशीतच. माझी चूक दाखवून एकदा गिळलेली गोळी मात्र तुम्ही पुढे रोज घ्यायचात. म्हणून त्यानंतर डॉक्टरांनी औषध बदललं की काकू मला दारातच विचारायच्या, "आज गंधक कुठे चुकवणार?" पेनिसिलिनच्या वेळी मी तो पंचकोनातून उचलून शेजारच्या चौकोनात कोंबला. तुम्ही इतके संतापलात की पाणी येईपर्यंतही थांबला नाहीत. या युक्तीवर आम्ही तुम्हाला कितीतरी वर्षं जगवलं.

तुम्ही गेल्यावर काकू म्हणाल्या, "शेवटपर्यंत म्हणत होते, पोरगी गुणी आहे, पण गंधक काही तिच्या डोक्यात शिरला नाही." आम्ही दोघी खूप हसलो, आणि मग मला रडू आवरेना. तुमच्या लेखी मी ढच राहिले, हे फार लागलं. म्हणून आज लिहायला बसले. त्या चुका मुद्दाम केलेल्या होत्या, सर.

पहिली सोडून. तो दुसरा ऑक्सिजन मी खरंच विसरले होते. काकूंनाही हे ठाऊक नाही. आणि तुम्हाला कळलं, तर आहात तिथून मला फळ्यापाशी बोलवाल, म्हणून हे पत्र टेबलाच्या खणातच ठेवते.