एलिचपुरी म्हशीचा मोडलेला सौदा

राजमान्य राजेश्री खुशालराव यांस, तुमच्या बहिणीचा नवरा चंद्रभान याचा बाळापूरकडून रामराम. तुम्ही, वहिनी, लेकरं आणि बैलजोडी खुशाल असाल. सुभद्रा रुसून तुमच्याकडे येऊन बसली आहे, तीही दोन वेळ जेवत असेलच. (जेवत नसेल तर कळवा, मला बरं वाटेल.) अक्षर गिचमिड आहे, पण हा मजकूर पंतोजींकडून लिहून घेण्यासारखा नाही.

भांडणाचं मूळ म्हणजे तुम्ही तिला आंदण दिलेली एलिचपुरी म्हैस, भुरी. तिकडे अमेरिकेत कुणाचीशी लढाई जुंपली आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी शेताशेतांमधले धुरे नांगरले, गायरान नांगरलं (एकाने तर तुळशीभोवतीही सरकी टोचली). मलाही तेच वारं लागलं. भुरीच्या चरायच्या पडीतात कापूस पेरायचा आणि भुरी बाळापूरच्या वामनराव दलालांना विकायची, असा शब्द मी देऊन बसलो. सुभद्रा म्हणाली, "इकाची असन त इका. मी चालली भावाकडे. म्हैस दावणीले हाय असं कळन तवाच परत यीन. पन पयले एक डाव तिची धार काढून पाहा."

खुशालराव, जनावर म्हणावं तर हे. शिंगं मागे खांद्यापर्यंत वळलेली, चाल पाटलिणीची. भिजवलेली सरकी असल्याशिवाय कडब्याला तोंड लावत नाही. दुपारी नदीच्या डोहात डुंबायला जाते आणि कुणी हाकलायला न जाता थेट आपल्या खुंट्याशी येऊन उभी राहते. मी मात्र घरचा धनी असून तिच्या लेखी परका. आधी तिच्या पोटची वगार प्यायला सोडली, मग सड चोळले, जात्यावरच्या ओव्याही म्हटल्या. भुरीने दूध चढवून घेतलं आणि चरवीला लाथ घातली. शेजारच्या मैनाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "भाऊ, तिले सुभद्राची सवय हाय. तिचं लुगडं नेसून पाहा."

नेसलो. डोक्यावर पदर, हातात मैनाबाईंच्या बांगड्या. भुरीने वळून मला हुंगलं, रवंथ सुरू केला आणि पान्हा सोडला. चरवी फेसाने भरली. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. नेमके तेव्हाच वामनराव दोर घेऊन अंगणात आले आणि म्हणाले, "बाई, धनी कुठं गेले?" ओळख दिली असती तर बाळापूरच्या बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मी पदर आणखी ओढला आणि बारीक आवाजात म्हणालो, "धन्याले काय समजते? म्हैस माही हाय. इकाची नाई." पुढे तुमच्या बहिणीची सगळी वाक्यं आपोआप तोंडात आली. चंद्रभान कापसाने कसा पिसाळला आहे, घरातलं दूधतूप घालवून कोरडी भाकर खाणार आहे का, सगळं ऐकवलं. बोलता बोलता मलाही ते पटलं. वामनराव दोर गुंडाळून खाली मानेने निघून गेले.

तेव्हा सौदा मोडला, पडीत तसंच राहील. आता सुभद्रेला पाठवून द्या. भुरी तिच्या आठवणीने अर्धी झाली आहे, लुगड्याशिवाय थेंब देत नाही. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा
चंद्रभान

ता. क. चंद्रभानची बायको मोठी खमकी, असं वामनराव सगळीकडे सांगत आहेत. बुधवारी तिची समजूत घालायला ते आपल्या बायकोला घेऊन येणार आहेत. तोवर खरी सुभद्रा घरात हवी. बाईमाणसापुढे माझा निभाव लागायचा नाही.

आणखी एक. भुरी हल्ली लुगड्याशिवायही पान्हवते आणि चांगली धष्टपुष्ट आहे. हे सुभद्रेला सांगू नका, नाहीतर ती तिकडे निवांत राहील. अर्धा झालो आहे तो मी.