गप्पांकडून उशिराकडे गेलेला बाण

प्रति,
मा. सामाजिक पाहणी अधिकारी,
नगर कार्यालय, दुसरा मजला

विषय: आकृतीतील चुकीचा बाण खोडून बसथांब्यावरील बाक वाचविणेबाबत.
संदर्भ: थांब्यावर चिकटविलेली आपली सूचना व तीवरील आकृती.

महोदय,

खालील मजकुरावर आपलाच काय, कोणाचाच विश्वास बसणार नाही. तरी अर्जदार (निवृत्त घड्याळ-दुरुस्ती कारागीर) शपथेवर लिहितो की,

१. लोक कामावर उशिरा का पोचतात, याची कारणे दाखविण्यासाठी आपण वर्तुळे व बाण काढले आहेत. ‘बाकावरील म्हातारा’ या वर्तुळातून बाण ‘गप्पां’कडे, तेथून ‘उशिरा’कडे, आणि शेवटी थेट ‘घरातील भांडणां’कडे जातो. सबब सोमवारी बाक उचलण्याचे ठरले आहे. हे पाहून अर्जदाराची पत्नी म्हणाली, “एवढं सगळं तुमच्या हातून होतं? मग नळ का गळतोय अजून?”

२. आकृतीत बसच नाही! बस उशिरा येते म्हणून लोक गप्पा मारतात, आणि बस उशिरा येते म्हणूनच कामावर उशीर होतो. गप्पा व उशीर ही एका आईची दोन लेकरे; आपण धाकट्याला थोरल्याचा बाप केले आहे. बसचा उशीर तरी केवढा! एक गृहस्थ केस कापायला निघाले होते. बस येईपर्यंत त्यांना टक्कल पडले व प्रवासाचे कारणच नष्ट झाले.

३. आपल्या पाहणीताईंनी सगळी चौकशी बाकावर बसूनच केली. वेळेवर गेलेले लोक तेव्हा कामावर होते. त्यांना विचारले कोणी?

४. घरी अर्जदाराच्या गोष्टी भिंतींनाही पाठ झाल्या आहेत. बाक गेल्यास त्याने बोलावे कोणाशी, याचेही एक वर्तुळ काढावे. अर्जदाराच्या बोलण्यापायी आजवर एकाही प्रवाशाची बस चुकलेली नाही. सबब बाक हलवू नये, ही कळकळीची विनंती.

आपला, अजून तरी बाकावरच बसलेला, नम्र
अर्जदार
शुक्रवार

सोबत: सुधारित आकृती (कॅलेंडरच्या पाठीवर).

लिहून घेणाऱ्या सुनेची टीप: मामंजींच्या सांगण्यावरून अर्ज थांब्यावर सर्वांना वाचून दाखवला. तेव्हा बेकरीवाल्या मावशी मोठ्यांदा म्हणाल्या, “आजोबा, काहीतरीच काय! काल तुमची गोष्ट रंगात आली होती नि बस समोर उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. तुम्हीच त्याला हात हलवून म्हणालात, जा रे बाबा, आत्ता कुठे मगरीनं तोंड उघडलंय! आणि आमच्यातलं एकही माणूस उठलं नाही.”