अडतीस फॉर्म एकाच संगणकावरून गेल्याबद्दलच्या नोटिशीस उत्तर

प्रति,
मा. प्राचार्य,
अध्यापक प्रशिक्षण महाविद्यालय

विषय : सराव पाठांचे रोखलेले गुण मिळणेबाबत.
संदर्भ : बनावट मतांबाबतची नोटीस, दि. ९ मार्च.

महोदय,

१. "डिजिटल कौशल्ये शिकवण्याची जबाबदारी कोणाची?" या सर्वेक्षणात अडतीस भावी शिक्षकांची मते मी एकटीने बनवली, असा ठपका ठेवून माझे सराव पाठांचे गुण रोखले आहेत. पुरावा एवढाच की, सर्व फॉर्म दुपारी ३.१० ते ४.४५ या वेळेत एकाच संगणकावरून गेले. हे खरे आहे. संगणक माझा होता, बोटेही माझी होती. मते ज्याची त्याची होती.

२. त्या दिवशी मुदत संपत होती. "ताई, तू सायन्सची ना? मग आमचंही टाक भरून," म्हणत सदतीस जण माझ्या बाकाशी रांगेत उभे राहिले. मी प्रत्येकाला प्रश्न वाचून दाखवला. बावीस जण म्हणाले, संगणक शिक्षकाची. नऊ जणांनी पालकांवर ढकलले. सहा जणांच्या मते मुले आपोआप शिकतात. "प्रत्येक विषयशिक्षकाची" हे उत्तर एकच, ते माझे.

३. आमच्या सराव शाळेत संगणक शिक्षकाचे पद चार वर्षे रिकामे आहे. सातवीच्या मुलांनी माउस पाहिला होता तो फळ्यावर, खडूने काढलेला.

४. चौकशी समितीने सदतीस जणांना विचारले, "फॉर्म तुम्ही स्वतः भरलात का?" सगळे म्हणाले, "नाही." शब्दशः खरे! "पण उत्तर माझेच होते," हे पुढचे वाक्य कोणाच्याही तोंडून फुटले नाही. उद्या हेच तोंड घेऊन ते मुलांना प्रामाणिकपणा शिकवतील, या विचाराने मला शिसारी येते.

५. कळस म्हणजे सदर नोटिशीचे कामही माझ्याकडूनच करून घेतले. कार्यालयातील लिपिक म्हणाले, "बाळ, हा तक्ता पानात बसत नाही गं, जरा बसवून दे." बसवून दिला. तक्त्यात माझेच नाव होते.

६. गुणांअभावी मला २० तारखेच्या अंतिम परीक्षेस बसता येणार नाही. तरी सदतीस जणांना एकेकटे बोलावून "तुमचे उत्तर काय होते?" एवढेच विचारावे व फॉर्मशी ताडून पाहावे. एक जरी उत्तर जुळले नाही, तर माझे गुण खुशाल रोखावेत.

७. हा अर्ज हाताने लिहिला आहे. आवक नोंदीसाठी तो स्कॅन करून संगणकावर चढवावा लागतो, असे समजते. त्यासाठी कृपया मला बोलावू नये.

आपली नम्र,
(सही)
प्रशिक्षणार्थी, हजेरी क्रमांक २३
दि. १२ मार्च

सोबत : नोटिशीची प्रत (तक्ता व्यवस्थित बसवलेली).